पाचशेच्या पट्ट्यातून : न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलचा पहिला सामना बघायला जाताना

न्यूयॉर्कमधल्या सिटी फील्ड या मैदानात मी पहिल्यांदा गेले ती बेसबॉलसाठी नव्हे, सचिनसाठी. ७ नोव्हेंबर २०१५. निवृत्त खेळाडूंचे दोन संघ, एक सचिनचा आणि एक शेन वॉर्नचा, आणि मेट्स या संघाच्या बेसबॉलच्या मैदानात मधोमध बाहेरून आणून बसवलेली खेळपट्टी. न्यू जर्सीतल्या एडिसनहून आम्ही बाराजण गेलो होतो. सचिन मैदानात आला तेव्हा ओरडून ओरडून घसा बसला, पण परतीच्या गाडीत डोक्यात राहिलं ते मैदानच. एवढं देखणं मैदान आपल्यापासून दीड तासावर आहे आणि एरवी तिथे काय चालतं याचा आपल्याला पत्ता नाही, हे काही बरं नाही असं वाटलं.

पुढच्या एप्रिलमध्ये बेसबॉल बघायला गेले आणि तीन चुका केल्या. ऑफिसातून थेट निघाले म्हणून लॅपटॉपची सॅक पाठीला होती; गेटवर अडवलं. जागा भर उन्हातली घेतली. आणि आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत नियम वाचत बसले. तिसरी चूक सगळ्यांत मोठी. मैदानात बसल्यावर त्यातलं काहीही आठवलं नाही, कारण मुळात कोण कुठल्या संघाचा हेच कळत नव्हतं.

म्हणून नव्या माणसाला मी सांगते, नियम राहू देत. आधी कपडे वाचायला शिका. आपण बसतो वर, लांब, स्वस्तातल्या जागेवर. गणवेश आहे तो आपल्यासारख्यांसाठी. टीव्हीवाल्याला नाव-गाव सगळं खाली पट्टीवर लिहून मिळतं. आपल्याला फक्त रंग आणि आकडा. सिटी फील्डच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या विभागांचे क्रमांक पाचशेच्या घरातले असतात, तोच पाचशेचा पट्टा. तिथून जो गणवेश वाचता येत नाही तो माझ्या लेखी नापास, मग तो कितीही झोकदार असो.

पहिली पायरी : संघ निवडा, पण शर्ट घेऊ नका

न्यूयॉर्कमध्ये दोन संघ. ब्रॉन्क्समधले यांकीज आणि क्वीन्समधले मेट्स. यांकीजनी वर्ल्ड सीरिज, म्हणजे इथलं अजिंक्यपद, २७ वेळा जिंकली आहे, मेट्सनी दोनदा, १९६९ आणि १९८६ मध्ये. यावरून कोणाचे पाठीराखे जास्त ऐटीत असतात आणि कोणाचे जास्त गमतीदार, ते ओळखा. मी मेट्सची. कारण विचाराल तर क्रिकेटमध्येही माझ्या वाट्याला नव्वदचं दशक आलं होतं. हरण्याची सवय होती.

मेट्सचे रंगसुद्धा एका दुःखातून आलेत. न्यूयॉर्कमधले दोन जुने संघ, ब्रुकलिनचे डॉजर्स आणि मॅनहॅटनचे जायंट्स, १९५७ च्या हंगामानंतर कॅलिफोर्नियाला निघून गेले. त्यानंतर १९६२ मध्ये मेट्स आले. त्यांनी डॉजर्सचा निळा घेतला आणि जायंट्सचा नारिंगी. घर सोडून गेलेल्या दोन भावांचे कपडे तिसऱ्याला घातल्यासारखं. मला तो रंगांचा जोड मनापासून आवडतो. हिरव्या गवतावर निळ्या-नारिंगीइतकं उठून काही दिसत नाही.

संघ निवडलात की दुकानात धावू नका. हुआन सोटो २०२४ मध्ये यांकीजकडून खेळला. आमच्या ओळखीतल्या एकाने उत्साहाने त्याच्या बावीस आकड्याचा शर्ट घेतला. त्याच डिसेंबरमध्ये सोटोने मेट्सशी १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. शर्ट आता घरात रंगकाम निघालं की बाहेर येतो.

दुसरी पायरी : तिकीट आणि जागा

हंगाम मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो. प्रत्येक संघाचे १६२ सामने, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर. म्हणजे तिकीट मिळत नाही असं सहसा होत नाही. एप्रिल-मेमधला मंगळवार-बुधवार सगळ्यांत स्वस्त. यांकीज-मेट्स एकमेकांशी भिडतात ते दिवस सगळ्यांत महाग. पहिल्या खेपेला तिकडे फिरकू नका. तिकीट फोनवरच येतं, त्यासाठी ‘बॉलपार्क’ नावाचं अ‍ॅप घरूनच टाकून घ्या. गेटसमोर हजारो लोक एकाच वेळी फोन काढतात तेव्हा नेट रडतं.

जागा कुठली? वरच्या मजल्यावरची, होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागची. खालची महागडी जागा पहिल्या वेळी वाया जाते. तिथून पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, चेहरा दिसतो, पण खेळ दिसत नाही. वरून चार बेसचा, म्हणजे धावत गाठायच्या ठाण्यांचा, अख्खा चौकोन पायाशी पसरलेला असतो. चेंडू कुठे गेला, कोण धावलं, कोणी कोणाला फेकला, सगळं नकाशावर बघितल्यासारखं.

दुपारचा सामना असेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूला, म्हणजे होम प्लेटच्या मागून बघताना डावीकडे, सरका. बहुतेक मैदानांत सावली आधी तिकडे येते. जुलैमधल्या न्यूयॉर्कच्या उन्हाला कमी समजू नका, मी डोंबिवलीची असून सांगते. एप्रिलमधल्या रात्रीच्या सामन्याला मात्र कानटोपी न्या.

तिसरी पायरी : कपडे वाचा

यजमान पांढऱ्यात, पाहुणे राखाडीत. एवढं एक लक्षात ठेवलंत तर अर्धं काम झालं. यजमान संघ फलंदाजी नंतर करतो, त्यामुळे सामना सुरू होताना नऊ पांढरे ठिपके मैदानभर पसरतात आणि राखाडी माणूस बॅट घेऊन येतो. अर्धा डाव संपला की उलट. रंगांची अदलाबदल झाली की समजायचं, तीन गडी बाद झाले.

२०१९ मध्ये सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना घेऊन गेले. बेसबॉल हा शब्दही त्यांनी कधी ऐकला नव्हता.

“आई, पांढरे ते आपले.”

“आणि ते मळके?”

“ते पाहुणे. राखाडी आहे तो रंग.”

“पाहुण्यांना मळखाऊ कपडे का गं?”

त्यांनी नेमका शब्द वापरला होता. जुन्या काळी दौऱ्यावर निघालेल्या संघाला रोज कपडे धुवायची सोय नसायची, म्हणून मळखाऊ रंग, असंच सांगतात. थोड्या वेळाने त्यांनी पाहुण्यांच्या डगआउटकडे, म्हणजे मैदानालगतच्या संघाच्या बाकांकडे, बोट केलं. तिथे पोट सुटलेले, पिकल्या मिशांचे एक गृहस्थ पूर्ण गणवेशात, पट्टा कसून उभे होते.

“अगं, हे माझ्याच वयाचे असतील. हे पण खेळणार?”

“नाही आई, ते कोच आहेत.”

“मग सोंग कशाला?”

हे उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. फुटबॉल-बास्केटबॉलचे प्रशिक्षक आपापल्या कपड्यांत वावरतात. बेसबॉलमध्ये मॅनेजर आणि कोच खेळाडूंचाच गणवेश घालतात, पाठीवर आकड्यासकट. सुरुवातीच्या काळात संघ चालवणारा माणूस बहुधा स्वतःच खेळाडू असायचा, त्याची ही शेपूट. हल्ली बरेच मॅनेजर वरून हुडी ओढून घेतात. मला ते पटत नाही. साठीतल्या माणसाने पट्टा लावून, टोपी घालून, वीस वर्षांच्या पोराच्या पोशाखात पंचांशी भांडावं, यात जी गंमत आहे ती हुडीत नाही.

आता आकडे. १९२९ मध्ये यांकीजनी पाठीवर कायमचे आकडे लावायचं ठरवलं ते फलंदाजीच्या क्रमाने. बेब रूथ तिसरा यायचा, त्याला ३. लू गेरिग चौथा, त्याला ४. त्यांचा हंगामातला पहिला सामना पावसाने वाहून गेला आणि त्या दिवशी क्लीव्हलँडचा संघ आकडे लावून आधी मैदानात उतरला, हा भाग यांकीजचे लोक सांगत नाहीत. यांकीजच्या शर्टावर आजही नाव नसतं. आकडा हेच नाव. मेट्सची असूनही मान्य करते, गणवेश असावा तर असा. भलामोठा आकडा, पाचशेच्या पट्ट्यातूनही स्पष्ट. त्यांच्या त्या प्रसिद्ध बारीक उभ्या रेघा मात्र वरून दिसत नाहीत, नुसता पांढरा किंचित निळसर वाटतो. रूथ बारीक दिसावा म्हणून रेघा आणल्या, ही लोणकढी थाप आहे. रेघा १९१५ पासून कायमच्या आहेत, रूथ आला १९२० मध्ये.

मोठ्या खेळाडूचा आकडा संघ निवृत्त करतो, म्हणजे पुन्हा कोणाला देत नाही. यांकीजनी १ ते ९ हे सगळे आकडे असे उचलून ठेवलेत. शेवटचा २ राहिला होता, तो २०१७ मध्ये डेरेक जीटरसाठी गेला. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच २०१७ मध्ये पालघरचा शार्दूल ठाकूर भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळताना पाठीवर १० घेऊन उतरला आणि सचिनभक्तांनी त्याला फाडून खाल्लं. बिचारा मग ५४ वर गेला. इथे फरक एवढाच की निवृत्त आकडे मैदानात सगळ्यांना दिसतील असे टांगलेले असतात. वादच नको.

एक आकडा मात्र सगळ्याच संघांनी मिळून सोडलाय, ४२. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून खेळला आणि मोठ्या लीगमधली गोऱ्या-काळ्यांची भिंत पडली. १९९७ मध्ये तो आकडा सर्व संघांसाठी निवृत्त झाला. दर वर्षी १५ एप्रिलला मात्र प्रत्येक खेळाडू ४२ घालतो. भावना म्हणून फार मोठी गोष्ट. नव्या प्रेक्षकासाठी मात्र त्या दिवशी सगळेच ४२, काय ओळखणार! तुमचा पहिला सामना १५ एप्रिलला नको. सिटी फील्डच्या मुख्य दाराशी रॉबिन्सनच्या नावाचा उंच गोल दिवाणखाना आहे, त्यात पुरुषभर उंचीचा निळा ४२ उभा केलाय. एकमेकांना शोधायला तीच खूण सांगा, आमची मंडळी ‘बेचाळीसपाशी’ भेटतात.

नाराजी आहे ती पुढच्या गोष्टींवर. पांढरा-राखाडी हा साधा हिशेब आता रोज पाळला जात नाही. संघाला चारपर्यंत गणवेश ठेवता येतात आणि शिवाय एक ‘सिटी कनेक्ट’ नावाचा, शहराची ओळख सांगणारा. ही योजना २०२१ मध्ये सुरू झाली. बऱ्याचदा कुठला शर्ट घालायचा हे त्या दिवशीचा पिचर ठरवतो आणि मग निळा संघ विरुद्ध निळा संघ असा तमाशा होतो. मेट्स घरच्या मैदानावर शुक्रवारी काळा घालत आलेत. काळ्यावर निळी अक्षरं, वरून काजळीच. २०२४ मध्ये त्यांचा सिटी कनेक्ट आला, कोळशासारखा करडा, त्यात सात नंबरच्या मेट्रोची आठवण म्हणून जांभळ्या छटा. जवळून बघितला, कापडाला हात लावला, कल्पना आवडली. मग पाचशेत जाऊन बसले. तिथून नऊच्या नऊ खेळाडू पंच दिसत होते. यांकीज २०२५ च्या हंगामापर्यंत या भानगडीत पडले नाहीत. नाक वर करून वागायचे काही फायदे असतात.

बाहीवरची जाहिरात २०२३ पासून आली. मेट्सनी एका रुग्णालयाचं ठिगळ लावलं तेही लाल-पांढरं, म्हणजे हाडवैरी फिलाडेल्फियाच्या रंगाचं. पहिल्याच दिवशी बोंब झाली, खुद्द मालकांनी कबूल केलं आणि थोड्याच दिवसांत ते निळं-नारिंगी झालं. गंमत बघा, हे ठिगळ प्रत्येकाच्या एकाच बाहीवर नसतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या बाहीवर, डावऱ्याच्या उजव्या बाहीवर. जी बाजू कॅमेऱ्याकडे येते तिच्यावर. वर बसलेल्याला ते दिसावं अशी कोणाची अपेक्षाही नाही.

आणि २०२४ चं नवं कापड! पाठीवरच्या नावांची अक्षरं मुंगीएवढी झाली, पँटमधून आत खोचलेला शर्ट दिसायला लागला, राखाडी शर्ट आणि राखाडी पँट वेगवेगळ्या छटांचे. खेळाडूच वैतागले. पुढच्या हंगामात मोठी अक्षरं परत आली. त्या वर्षी लहान अक्षरांची झळ न बसलेला संघ कोणता ते तुम्ही ओळखलंच असेल, ज्यांच्या पाठीवर मुळात नावच नसतं.

चौथी पायरी : तुम्ही काय घालाल

टोपी घ्या. फक्त टोपी. मैदानातली प्रत्येक तिसरी व्यक्ती टोपीत असते, ऊनही अडतं आणि खेळाडू सोडून गेला तरी टोपी जुनी होत नाही. खेळाडू घालतात तशी मागून बंद असलेली टोपी मापाची मिळते. डोक्याचा घेर भुवयांच्या जरा वरून शिंप्याच्या टेपने मोजा. ५७.७ सेंटिमीटर म्हणजे सव्वासात, तिथून साधारण प्रत्येक सेंटिमीटरला एक नंबर वर. केस दाट असतील तर मागे पट्टी असलेलीच बरी.

दोन-तीन सामन्यांनंतर जर्सी घ्यावीशी वाटली तर निवृत्त खेळाडूची घ्या, तो कुठे जात नाही. आणि यांकीजची घेत असाल तर पाठीवर नाव छापलेली घेऊ नका. जुना यांकीजवाला ती बघून काही बोलणार नाही, नुसता हसेल.

हे टोप्यांचं वेड आपल्या न्यू जर्सीतल्या बेसबॉलइतकंच जुनं आहे. होबोकनच्या मैदानावर १९ जून १८४६ रोजी निकरबॉकर क्लब २३ विरुद्ध १ असा सपाटून हरला, तो लेखी नियमांनुसार झालेल्या अगदी सुरुवातीच्या सामन्यांपैकी एक. तीन वर्षांनी त्याच क्लबने खेळातला पहिला गणवेश ठरवला : निळी लोकरीची विजार, पांढरा फ्लॅनेलचा सदरा आणि गवती टोपी. सिटी कनेक्टवाल्यांनी हा काढून बघावा.

पाचवी पायरी : जाणं आणि गेट

गाडी काढू नका. एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटने पेन स्टेशन. तिथून मेट्सकडे जायला लाँग आयलंड रेलरोडची गाडी, सामन्याच्या दिवशी ती मेट्स-विलेट्स पॉइंटला थांबते. किंवा टाइम्स स्क्वेअरहून सात नंबरची मेट्रो. यांकीजसाठी हेरल्ड स्क्वेअरला चालत जाऊन ‘डी’ गाडी पकडा आणि १६१ व्या रस्त्याला उतरा. सामना सुटल्यावर गाडीला जी गर्दी होते तिचं वर्णन मी मुंबईकराला करणार नाही.

पाठीवरची सॅक घरी ठेवा. पिशवी लहान, मऊ असावी. मोजमाप संघाच्या संकेतस्थळावर असतं, ते त्याच आठवड्यात बघा, कारण नियम बदलत राहतात. काच आणि डबे आत जात नाहीत. पाण्याची सीलबंद प्लास्टिकची बाटली आणि घरचं खाणं दोन्हीकडे चालत आलंय.

सहावी पायरी : पोटोबा

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण खिसा रिकामा होतो. प्रेट्झेल, फ्राइज, नाचोज, पॉपकॉर्न, असा सगळा मैदा आणि मीठ. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. रविवारी दुपारचा सामना असेल तर त्याहून चांगला बेत आहे. सात नंबरने मैदानाच्या पुढचं, शेवटचं स्टेशन मेन स्ट्रीट गाठा, फ्लशिंगमधल्या बाउन स्ट्रीटवरच्या गणपतीच्या देवळात जा, दर्शन घ्या आणि तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खा. मग एक स्टेशन मागे या. डोसा बांधून मात्र नेऊ नका, तिसऱ्या डावापर्यंत त्याचं चामडं होतं.

मैदानातली विकत घ्यायची एकच गोष्ट म्हणजे खारवलेल्या शेंगा, टरफलांसकट. टरफलं पायाशीच टाकायची असतात. पहिल्या दिवशी माझा हात धजेना. लहानपणापासून टिळकांची गोष्ट ऐकलेली. इथे तर शेंगा मीच खाल्लेल्या! सगळी टरफलं पिशवीत गोळा केली. शेजारचे आजोबा तीन डाव माझ्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “पोरी, टाक खाली.” आता बिनधास्त टाकते.

सातवी पायरी : बसल्यावर

पुरेल एवढं सांगते. नऊ डाव, दर डावात दोन्ही संघांचे तीन-तीन गडी. चांगला चेंडू हुकला किंवा सोडला की स्ट्राइक, वाईट चेंडू सोडला की बॉल; तीन स्ट्राइक झाले की बाद, चार बॉल झाले की पहिल्या बेसवर फुकट. दोन रेषांच्या बाहेर मारलं की फाऊल. आपला लेट कट आणि फाइन लेग इथे निरुपयोगी. दहापैकी तीनदा नीट मारणारा फलंदाज उत्तम समजला जातो, तेव्हा कोणी बाद झाला की हळहळत बसू नका. २०२३ पासून पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावलंय. त्याआधीच्या वर्षी सामना सरासरी तीन तासांच्या वर जायचा, तो दोन तास चाळीस मिनिटांवर आला.

चेंडू तुमच्याकडे आला तर तो तुमचा. परत टाकायचा नाही. शेजारी लहान मूल असेल तर त्याला द्यायचा, तेवढा शहाणपणा अपेक्षित आहे. नवाकोरा चेंडू गुळगुळीत असतो, म्हणून सामन्याआधी तो खास चिखलाने चोळतात आणि तो चिखल येतो न्यू जर्सीतूनच, डेलावेअर नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठून. नेमकी जागा गुप्त. खाली बसला असाल आणि जाळी नसेल तर फोन खिशात ठेवा. फाऊल गेलेला चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतकाच टणक असतो आणि तो सांगून येत नाही.

आणि पेन्सिल न्या. सामन्याचा तक्ता, म्हणजे स्कोअरकार्ड, हाताने भरायला घ्या; दुसरं काहीही खेळ इतका पटकन शिकवत नाही. प्रत्येक जागेला ठरलेला आकडा आहे : पिचर १, कॅचर (आपला यष्टिरक्षक) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, त्याच्या नि दुसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग बाहेरचे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. पाठीवरच्या आकड्याशी याचा काही संबंध नाही, इथे सगळे एकदा गोंधळतात. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, दुसऱ्याकडे दिला, त्याने पहिल्याकडे, दोघे बाद : ६-४-३. तीन स्ट्राइकवर बाद झाला की इंग्रजी ‘के’ काढायचा. बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर तोच ‘के’ उलटा, आरशातला. सासूबाईंनी पाचव्या डावात माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली. उलटा ‘के’ काढताना त्या दर वेळी पुटपुटायच्या, “बघत काय राहिलास मेल्या!”

मेट्सच्या माणसाने होम रन, म्हणजे आपला षटकार, मारला की मधल्या भिंतीमागून एक अवाढव्य लाल सफरचंद वर येतं. पोरकट आहे, पण मला बघायला आवडतं. सातव्या डावाच्या मध्यात सगळे उभे राहून हातपाय ताणतात आणि एक जुनं गाणं म्हणतात. शब्द पडद्यावर येतात, नुसते ओठ हलवलेत तरी चालेल. यांकीजकडे उजव्या बाजूच्या उघड्या बाकांवरचे लोक पहिल्या डावात एकेका क्षेत्ररक्षकाच्या नावाचा गजर करतात, तो खेळाडू वळून हात करेपर्यंत. हजेरीच घेतात. पाठीवर नाव नसलेल्या संघाची नावं अशी वरून ओरडून घेतली जातात, हे मला फार आवडतं, आणि मेट्सची असल्याने मोठ्याने म्हणता येत नाही.

पाऊस आला तर पळू नका. मैदानावर ताडपत्री पडते, तास-दीड तास थांबून पुन्हा खेळ सुरू होऊ शकतो. पाच डाव झाले असतील तर निकाल लागू शकतो.

मुलं असतील तर

लहान मुलांसाठी आधी ब्रिजवॉटरला जा. व्यंकटेश्वराचं देऊळ आहे तेच ब्रिजवॉटर. तिथले सॉमरसेट पेट्रियट्स हा यांकीजचा खालच्या पायरीवरचा संघ. तिकीट स्वस्त, रेल्वे स्टेशन मैदानाला खेटून, मूल तिसऱ्या डावात कंटाळलं तर उठून जाताना जिवाला लागत नाही. खेळाडूही इतक्या जवळ की वाचायला आकडा लागत नाही.

मग रविवारी सिटी फील्ड. सामना संपल्यावर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना खऱ्या मैदानात उतरून चारही बेस पळू देतात. रांग सामना संपायच्या आधीच लागते, आठव्या डावापासून एक डोळा तिकडे ठेवा. आमची कन्या बाबाची पांढरी जर्सी घालून पळाली. ती तिच्या घोट्यापर्यंत येत होती. दुसऱ्या बेसपाशी पाय अडकला, सपशेल आडवी, उठली आणि उलट दिशेने पळत सुटली.

ती तांबडी माती हट्टी असते, म्हणून शेवटची सूचना धुण्याची. ओली असताना चोळू नका, आत मुरते. पूर्ण वाळू द्या, जुन्या दात घासायच्या ब्रशने झाडा, मग जर्सी उलटी करून गार पाण्यात साबणाबरोबर अर्धा तास भिजवा. गरम पाणी नको, ड्रायर तर मुळीच नको, आकडे आकसतात आणि कडा उचकटतात. सावलीत हँगरवर वाळवा. आमच्या जर्सीवर डाव्या गुडघ्यापाशी, म्हणजे खरं तर बाबाच्या पोटापाशी, एक फिकट तांबूस डाग राहिलाय. पुढच्या वेळी मी तिला राखाडी घालणार आहे.